दिसून राह्यला काय?

पक्षिनिरीक्षण हा छंद दुर्बिणीवर, कॅमेऱ्यावर नाहीतर पुस्तकांवर चालतो असा बाहेरच्यांचा समज असतो. तसं काही नाही. तो भिडेवर चालतो. पहाटेच्या थंडीत दहा-बारा माणसं माळावर ओळीने उभी असतात. त्यातला एक जाणता कुजबुजतो, "तो बघा, चंडोल." बाकीच्यांच्या दुर्बिणी वर होतात. समोर गवत. गवताच्या मागे गवत. त्याच्या मागे जरा उंच गवत. जाणता विचारतो, "दिसला का?" पहिला म्हणतो, "हो हो." तो म्हणाला म्हणून दुसरा म्हणतो. तिसऱ्याला नुसतं 'हो' अपुरं वाटतं, म्हणून तो म्हणतो, "काय गोड आहे हो!" चौथा शेपटीचं वर्णन करतो. चंडोल बिचारा दुसऱ्याच्या 'हो'लाच उडून गेलेला असतो. पण पाचवा, सहावा आणि सातवा मिळून अजून त्याला पाहत असतात.

ही भीड अभ्यासायची तर वाशीम जिल्ह्यासारखी जागा नाही. कारंजा लाड हे गाव लोकांना माहीत असतं ते नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून आणि तिथल्या जैन मंदिरांमुळे. त्याच तालुक्यात 2000 साली जाहीर झालेलं कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे. क्षेत्रफळ 18.32 चौरस किलोमीटर. अभयारण्य म्हटलं की पाहुण्याच्या डोळ्यांपुढे ताडोबा उभा राहतो. तो पहिला प्रश्न विचारतो, "वाघ आहे का?" नाही. "बिबट्या?" त्याचा भरवसा नाही. "मग आहे काय?" गवत आहे, काही बाभळी आहेत, बोरी आहेत, आणि मधेमधे पुन्हा गवत आहे. पाहुणा यावर काही बोलत नाही, पण त्याने सुट्टी टाकल्याचा पश्चात्ताप चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येतो.

अकोला आणि वाशीम अशा दोन जिल्ह्यांत पसरलेल्या काटेपूर्णा अभयारण्यात ही अडचण नाही. तिथे जलाशय आहे आणि हिवाळ्यात त्या पाण्यावर बदकं उतरतात. पाण्यावरचं बदक उघड्यावर बसतं, सगळ्यांना सारखं दिसतं, लहान पोरालाही दिसतं. असल्या ठिकाणी माणसाच्या सभ्यतेचा कस लागत नाही. कस लागतो माळावर, जिथे पक्षी तपकिरी, माती तपकिरी, ढेकूळ तपकिरी आणि तिन्ही सारखीच स्वस्थ बसलेली असतात. ढेकळाकडे पाच मिनिटं आदराने पाहणारी सुशिक्षित माणसं पाहायची असतील तर सोहोळला यावं.

हंगाम ठरलेला असतो. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 नोव्हेंबर हा सलीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्य सरकारने 2020 पासून पक्षी सप्ताह म्हणून ठरवून दिलाय. या दोघांनी उभं आयुष्य जे गुपचूप केलं, ते आपण आठवडाभर फ्लेक्स लावून करतो. पण वेळ उत्तम असते, यात शंका नाही. सोयाबीन निघालेलं असतं, तूर फुलावर असते, हरभरा नुकता जमिनीतून डोकं काढत असतो, आणि मध्य आशियातून आलेले पाहुणे माळावर उतरलेले असतात. नागपूरकडचे पाहुणेही उतरतात. ते समृद्धी महामार्गाने येतात. ताशी 120 किलोमीटरने सुसाट यायचं आणि ज्या पक्ष्याची सगळी हुशारी हललं नाही की भागतं एवढीच आहे त्याला शोधायचं, हा बेत मला फार आवडतो.

पाहुण्यांचे कपडे पाहण्यासारखे असतात. अंगभर हिरव्या पानांचा छाप, टोपीवर पानं, पँटवर पानं. एका गृहस्थाच्या तर पाण्याच्या बाटलीलाही पानांचं झबलं होतं. ते कपडे बेतलेत घनदाट जंगलासाठी. नोव्हेंबरातला सोहोळचा माळ असतो पिवळाधमक. त्यावर उभा हिरवागार माणूस कारंज्याच्या एसटी स्टँडवरून ओळखू यावा. काळविटांचा कळप मान वर करून त्याच्याकडे टक लावून बघतो. या ऋतूत हे झाड कुठून उगवलं, असा त्यांना प्रश्न पडत असावा.

कपड्यांनी काळविटांना फसवता आलं नाही तरी गवत मात्र पाहुण्यांना सोडत नाही. माळावरच्या कुसळीची गंमत अशी की तिच्या बियांच्या टोकाला लांब केस असतो. दवाने ओला झाला की तो पिळा सोडतो, वाळला की पुन्हा पीळ घेतो, आणि या पिळापिळीत बी स्क्रूसारखं मातीत शिरतं. मोजा ही मातीची जवळची नातलग आहे असं कुसळाचं मत आहे. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. मोज्यातलं दिसत नाही, ते नुसतं कळतं. आणि नेमकं तेव्हाच कळतं जेव्हा जाणत्याने हात वर करून सगळ्यांना पुतळ्यासारखं थांबवलेलं असतं.

आमचे जाणते म्हणजे जीवशास्त्राचे निवृत्त सर. त्यांच्यापाशी सलीम अलींच्या पुस्तकाची एक जुनी प्रत असते, जिचा कणा गेलाय पण धाक गेलेला नाही. सरांची नजर खरोखर तेज. अडचण आहे ती दिशा सांगण्याची. जंगलात 'त्या मोठ्या सागाच्या दुसऱ्या फांदीवर' असं सांगता येतं. माळावर काय सांगणार? "ती बाभूळ दिसते का?" "कोणती?" "ती हो, खुजी." सगळ्याच खुज्या. "तिच्या डावीकडे वाळलेलं गवत आहे बघा." शेवटी सरांनी घड्याळाची पद्धत आणली. आपल्या नाकासमोर बारा, उजव्या हाताला तीन, डाव्या हाताला नऊ. "दहा वाजता बसलाय," सर कुजबुजले. आमच्यातल्या बँकवाल्या साहेबांनी मनगट बघितलं आणि हळूच विचारलं, "आत्ता तर सव्वासात होऊन राह्यले, तोपर्यंत थांबायचं काय?" पद्धत समजावून सांगितल्यावर प्रत्येकाने आपापल्या नाकासमोर बारा धरले. दहा नाकं, दहा दिशा. धाविक पक्षी मधल्या मोकळ्या जागेत तुरुतुरु धावला, थांबला, ताठ उभा राहून आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा धावला. त्याला आमच्यातल्या प्रत्येकाचे किती वाजलेत ते बरोबर कळत असावं.

आता कॅमेरेवाल्यांकडे वळू. पूर्वी पक्षिमित्राच्या गळ्यात दुर्बीण आणि खिशात वही असे. आता खांद्यावर दीडशे-सहाशेची लेन्स असते आणि वही कुणी ठेवत नाही, कारण फोटो असताना लिहायचं कशाला? आमचे डॉक्टर ही लेन्स बाळंतपणातल्या बाळासारखी दोन्ही हातांवर घेऊन चालतात. त्यांच्या शब्दकोशात दोन शब्द महत्त्वाचे. पहिला 'लायफर'. म्हणजे जन्मात पहिल्यांदा दिसलेला पक्षी. लायफर मिळाला की डॉक्टर इतके खूश होतात की त्या दिवशी दवाखान्यात येणाऱ्यांनी थोडं जास्त आजारी पडायला हरकत नाही. दुसरा शब्द 'रेकॉर्ड शॉट'. फोटोत ढगाळ आभाळ, कोपऱ्यात एक ठिपका आणि ठिपक्याला पंख असावेत असा संशय. अशा फोटोला फसलेला फोटो म्हणायचं नसतं. त्याला रेकॉर्ड शॉट म्हणायचं. फोटो फिरवला जातो, लोक स्क्रीन दोन बोटांनी ताणतात. ठिपका मोठा होतो, पण ठिपकाच राहतो. "भोवत्याच आहे," एकजण म्हणतो. "हो, भोवत्याच," दुसरा म्हणतो. भीड कॅमेऱ्यालाही लागू आहे.

भोवत्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण आमच्या माळाचा तो मानाचा पाहुणा. लांब पंखांचा, सडपातळ शिकारी पक्षी; गवतावरून हात-दोन हात उंचीवर तरंगत जातो, मधेच वळतो आणि नाकतोडा उचलतो. रात्री झाडावर न जाता गवतात जमिनीवरच मुक्काम करतो, कधी कधी मोठ्या घोळक्याने. त्यातला मोंटेग्यूचा भोवत्या वेगळा ओळखायला पक्षिशास्त्राला 1802 साल उजाडावं लागलं. तोवर युरोपातले भलेभले त्याला दुसराच समजत होते. नर ओळखायला सोपे. माद्या आणि पिल्लं मात्र मोंटेग्यूची आणि पॅलिड भोवत्याची अशी सारखी की पंखांच्या टोकाची पिसं मोजा, मानेवर फिकट पट्टा आहे का बघा, आणि तरीही भांडा. एक तपकिरी मादी समोरून शांतपणे गेली. पुढे बराच वेळ सर म्हणत होते पॅलिड, डॉक्टर म्हणत होते मोंटेग्यू. मानेवरच्या पट्ट्यावरून आवाज चढले. सर म्हणाले, "मी स्वतः पाहिला." डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडे रेकॉर्ड शॉट आहे." मादी तोवर सोहोळ सोडून पुढच्या शिवारात पोचली असेल.

या वादात आमच्या अगदी जवळून काळविटांचा एक मोठा कळप गेला. पुढे काळाभोर नर, पिळदार शिंगं, पोट पांढरंशुभ्र, डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं. मागे भुऱ्या माद्या. मधेच एक मादी कारण नसताना चारही पाय उचलून हवेत गेली आणि तिच्यामागून सगळा कळप उड्या घेत सुटला. हे अभयारण्य ज्यांच्या नावाने आहे ते हे प्राणी. आणि आमच्यातलं एकजण म्हणालं, "ही हरणं जरा बाजूला झाली तर तिरचिमणी दिसेल." काळवीट म्हटलं की बाहेरच्या लोकांना जोधपूरचा खटला आठवतो. आमच्या लोकांना तिरचिमणी आठवते. पण चंडोल, तिरचिमणी, लावा, तितर यांचं अभयारण्य असं कागदावर कधी झालं असतं काय? त्यांना कुणी ओळखत नाही. ठळक दिसणाऱ्या काळविटाच्या नावावर सात-बारा झाला म्हणून ही न दिसणारी मंडळी इथे टिकून आहेत.

सगळेच लपतात असंही नाही. डोंबारी नावाचा एक इवलासा चंडोल आहे. चिमणीपेक्षा थोडा लहान, नराचं डोकं राखी आणि पोट चक्क काळं. बहुतेक पक्ष्यांची पाठ गडद आणि पोट फिकट असतं, याचा सगळा कारभार उलटा. बसलेला असताना ढेकळात ढेकूळ. पण एकदम सरळ आभाळात चढला, वर थोडा थरथरला, मग पंख मिटून दगडासारखा खाली सुटला. जमिनीला आपटतो की काय असं वाटेपर्यंत खाली आला, आणि एका गचक्यात पुन्हा वर. पुन्हा पंख मिटले, पुन्हा दगड, आणि या सगळ्यावर एक बारीक लांब शीळ. त्याने हे बराच वेळ केलं. त्या सगळ्या वेळात 'दिसला का' असं कुणी कुणाला विचारलं नाही. डॉक्टरांची लेन्स त्याच्या मागे वर-खाली धावत राहिली आणि तिच्यात निव्वळ आभाळ आलं. डॉक्टर म्हणाले, "जाऊ द्या, डोळ्यांनी तरी पाहिला." एवढ्या महागड्या लेन्सच्या मालकाने असं म्हणणं ही डोंबाऱ्याला मिळालेली मोठी बक्षिशी आहे.

उडी मारून दिसणारा आणखी एक पक्षी या भागात आहे, पण त्याला त्याची उडी महागात पडली. तणमोर. एरवी गवतात असा मुरतो की शेजारून माणूस गेला तरी पत्ता लागू देत नाही. पावसाळ्यात मात्र नराला माद्यांना हाक घालायची असते, तेव्हा तो उंच गवताच्या वर उसळतो, पंख फडफडवतो आणि पुन्हा गवतात. दिवसभरात शेकडो उड्या. जुने शिकारी याच मोसमात बंदुका घेऊन यायचे, कारण शोधायचं कामच उरायचं नाही. माळरानं नांगराखाली गेली, तसा तो आणखी कमी झाला. 2021 साली त्याची नोंद जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांमध्ये झाली. वाशीम-अकोल्याच्या गवतांमध्ये त्याचा माग अजूनही काढता येतो तो फासेपारधी समाजातल्या माणसांना. कारंज्याच्या संवेदना संस्थेने त्यांच्याच बरोबरीने कुरणं राखायचं काम केलंय. गवत हलतंय ते वाऱ्याने की पायाने, हे त्यांना जसं कळतं तसं आमच्या एकाही लेन्सला कळत नाही. आणि न दिसलेल्याला ते 'दिसला' म्हणत नाहीत. त्यांच्या बापजाद्यांचं पोट त्यावर होतं.

सरकारी दफ्तराचं मात्र आमच्यासारखंच. देशाच्या पडीक जमिनींची एक नकाशावही आहे. तिच्यात झुडपी माळ आणि खालावलेली चराऊ कुरणं यांनाही रकाने आहेत. भोवत्या कझाकस्तानातून ज्या गवतासाठी येतो, ते कागदावर पडीक. आम्ही नसलेलं पाहतो, दफ्तर असलेलं पाहत नाही; शेवटी दोघांच्याही कागदावर सही मात्र झोकात असते.

आता या माळाला लागून ज्यांची वावरं आहेत त्यांचं ऐका. परतताना बांधावर एक मामा भेटले. डोक्याला मफलर, हातात मोठी बॅटरी, डोळे तांबारलेले. त्यांनी आमच्या लेन्सांकडे पाहिलं.

"काय पाहून राह्यले भाऊ?"

"पक्षी पाहतो मामा. आणि काळवीट."

"बाप्पा! अन् त्यासाठी गाडी करून आले?"

मग त्यांनी सांगितलं. हरभरा वर आल्यापासून ते रोज रात्री माळ्यावर जागताहेत. संध्याकाळी हरणं येतात, मध्यरात्री रोही म्हणजे नीलगाई येतात, पहाटे रानडुकरं येतात. वेळा पाळतात. मामांना दुर्बीण लागत नाही, घड्याळाची पद्धत लागत नाही, कुणी कुजबुजून दाखवावं लागत नाही. ज्याला पाहायची हौस आहे त्याला ढेकूळ दिसतं, आणि ज्याला काही दिसू नये म्हणून हात जोडावे लागतात त्याला रातभर दिसतं. मामा म्हणाले, "तुमाले पाहाचेच हायेत तं घेऊन जा ना दोन-चार. मी पैशे नाही मांगत."

डॉक्टरांनी त्यांना वन्यजीवांचं महत्त्व समजावून सांगायला सुरुवात केली. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "त्यायचंही पोट हाय, ते मालूम हाय मले. माह्यं पोट हाय, ते त्यायले मालूम नाही, एवढाच घोय हाय." नुकसानभरपाईचा अर्ज त्यांनी केला होता. पंचनामा व्हायचा होता.

फाट्यावर चहा आणि गरम आलुबोंडे घेऊन आम्ही यादी करायला बसलो. मामाही आले. ही यादी म्हणजे सबंध सकाळचा कळस. सर एकेक नाव घेतात, मंडळी माना डोलावतात आणि एक पोरगा मोबाइलमध्ये नोंद करतो. "गप्पीदास?" दिसला. "खाटीक?" दिसला. "नीलकंठ?" तारेवर होता, तो खरंच दिसला. "तिरचिमणी?" सगळे एकदम, "दिसली." "पॅलिड भोवत्या?" इथे डॉक्टर खोकले. दोन्ही भोवते लिहावेत असं ठरलं. म्हणजे एक मादी मोबाइलमध्ये दोन झाली. पक्ष्यांची संख्या वाढवायचा याहून बिनखर्ची उपाय वनखात्याकडेही नसेल.

मामा आलुबोंडा खात लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी त्यांनी खिशातून आपला मोबाइल काढला आणि म्हणाले, "भाऊ, एक फोटो माह्याकडेही हाय. पाहा बरं." काच तडकलेली. स्क्रीनवर मिट्ट काळोख आणि काळोखात दोन हिरवट ठिपके.

डॉक्टरांनी सराईत हाताने ठिपके ताणले. "रोही," ते म्हणाले. "नर."

"हो, नरच," सर म्हणाले.

"काय तब्येत आहे हो!" मागून कुणीतरी म्हणालं. मोबाइल हातोहात फिरला. सगळ्यांना रोही दिसला. एकाला त्याच्या पायाखालचा हरभराही दिसला.

मामांचा चेहरा उजळला. "सगळ्यायले दिसला?"

"सगळ्यांना."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, कोपरीच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर पसरला. "मंग पंचनाम्याले पंच म्हणून सह्या देऊन टाका. शिकले-सवरले लोक हा. तुमच्या सह्या असल्या तं साहेब पलटणार नाहीत."

टेबलावर आलुबोंड्याचा तेलकट कागद, मामांचा कोरा कागद आणि एक पेन. सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. डॉक्टरांना दवाखान्यातून फोन येणार असल्याचं आठवलं. पोरगा मोबाइलमधली यादी पुन्हा तपासू लागला, आणि त्याने दोनातला एक भोवत्या गुपचूप उडवला.

बँकवाल्या साहेबांनी मात्र मामांचा मोबाइल मागून घेतला, फोटो जवळ धरला, लांब धरला, उजेडाकडे पाठ करून पाहिला. मग म्हणाले, "मामा, फोटोवर मी सही नाही करणार. ते दोन ठिपके आहेत. तुमचं वावर कितीक लांब आहे?"

"हे काय, दहा मिनटाच्या रस्त्यावर."

"मग चला. आधी हरभरा पाहू द्या. सही करायची म्हटल्यावर पाहावं लागते."

ते दोघं निघाले. मागोमाग सर उठले. मग, चडफडत का होईना, लेन्स गाडीत ठेवून डॉक्टरही.